केस ५२५४ ट्रॅपर, शिंगाची मूठ: नऊ वर्षं वापरल्यानंतर

शिंगाच्या मुठीच्या चाकूबद्दल डबा उघडल्याच्या दिवशी लिहू नये, असं माझं मत झालंय. त्या दिवशी तो देखणाच असतो. शिंग नुकतंच घासलेलं, बोल्स्टर, म्हणजे मुठीच्या टोकांचे धातूचे तुकडे, आरशासारखे, पात्यावर एक ओरखडा नाही. पण शिंग ही एके काळी जिवंत असलेली वस्तू आहे. हवा कोरडी झाली की ते आकसतं, दमट झाली की फुगतं. शेजारच्या पितळेला आणि पोलादाला त्या दमटपणाशी काही देणंघेणं नसतं. हे दोघे जिथे एकमेकांना टेकतात तिथे काय होणार, ते कळायला दोन-तीन वर्षं तरी जावी लागतात. माझ्याकडच्या केस कंपनीच्या ट्रॅपरला, म्हणजे दोन पात्यांच्या मिटणाऱ्या चाकूला, नऊ वर्षं झाली, म्हणून आता लिहायला बसले.

माझी नजर कुठे आणि का जाते ते आधी सांगते, म्हणजे पुढचं बोलणं लक्षात येईल. मी डेंटल लॅबमध्ये काम करते. कॅपा, ब्रिज, कवळ्या. तेवीस वर्षं हेच. आमच्या कामात सगळी परीक्षा कडेवर होते. दात संपून कॅप सुरू होते ती रेघ, आम्ही तिला मार्जिन म्हणतो. प्रोबचं, म्हणजे तपासायच्या बारीक सळीचं, टोक दातावरून कॅपकडे अलगद ओढायचं. मध्ये कुठे अडकलं तर काम परत. ज्यांच्या हाताखाली मी शिकले ते सर नेहमी म्हणायचे, "चकाकी पेशंट बघेल. तू कड बघ."

या सरांकडेच मी शिंगाच्या मुठीचा पहिला चाकू बघितला. मेण छाटायला आणि प्लॅस्टरच्या साच्याच्या कडा साफ करायला ते तो वापरायचे. शेफील्डचा, जोसेफ रॉजर्सचा. पात्याच्या बुडाशी चांदणी आणि माल्टीज क्रॉसची मोहर होती. ही खूण त्या घराण्याकडे १६८२ पासून होती. खाली 'शेफील्ड, इंग्लंड' अशी अक्षरं होती. अमेरिकेच्या मॅकिन्ली कायद्यामुळे १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं भाग पडलं, त्यामुळे 'इंग्लंड' शब्द दिसला की चाकू साधारण त्यानंतरचा धरतात. लॅब बंद करताना सरांनी तो माझ्या हातात ठेवला. पातं धारेसाठी इतक्या वेळा घासलेलं की मूळ रुंदीच्या निम्मंच उरलं होतं. मी मात्र सवयीने नख शिंगावरून बोल्स्टरकडे ओढलं. एवढ्या वर्षांनीही ते कुठे अडकलं नाही. माझा जीव या वस्तूंवर जडला तो त्या क्षणी. आज माझ्याकडे असे नऊ चाकू आहेत, आणि त्यातला सगळ्यात जास्त हाताळलेला म्हणजे हा केसचा ट्रॅपर.

केस ही अमेरिकेतली कंपनी, पेन्सिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड गावची. केस भावांनी १८८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लिटल व्हॅलीत सुरुवात केली, आणि डब्ल्यू. आर. केस अँड सन्स १९०५ मध्ये ब्रॅडफर्डला आली. १९९३ पासून ती त्याच गावच्या झिप्पोच्या मालकीची आहे, हो, तोच लायटरवाला झिप्पो. मोहरेतल्या दोन फुल्यांची गोष्ट मला फार आवडते. पातं भट्टीतून एकदा काढलं की एक फुली, दुसऱ्यांदा काढलं की दुसरी. एकदा कडक करायला, दुसऱ्यांदा त्या कडकपणातला ठिसूळपणा काढायला. कारागिरांची ही आतली खूण पुढे कंपनीचं बोधचिन्ह झाली.

पात्याच्या मागच्या बाजूला ५२५४ हा आकडा कोरलेला असतो, आणि तो वाचता आला तर विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. पहिला ५ म्हणजे खरं शिंग. दुसरा २ म्हणजे दोन पाती. ५४ हा ट्रॅपरच्या घाटाचा क्रमांक. याच घाटाला खाचा पाडलेल्या हाडाची मूठ असेल तर ६२५४, पिवळ्या कृत्रिम मुठीला ३२५४. पुढे एसएस असेल तर पातं स्टेनलेसचं. नव्याने घेणाऱ्यांची एक गफलत नेहमी होते: केसचाच 'बोनस्टॅग' नावाचा प्रकार आहे आणि त्याचा क्रमांक ६.५ ने सुरू होतो. ते गुरांचं हाड असतं, शिंगासारखं दिसावं म्हणून कोरून रंगवलेलं. कंपनी नावातच बोन म्हणते, काही लपवत नाही. पण पुढे कुणाच्या तरी विक्रीच्या ओळीत त्यातला 'बोन', म्हणजे हाड, गळून पडतो आणि नुसता 'स्टॅग', म्हणजे हरणाचं शिंग, राहतो. म्हणून आधी आकडा बघायचा.

मिटलेला चाकू सव्वाचार इंचाला जरा कमी, म्हणजे सव्वाचारातून एक सूत वजा. साधारण साडेदहा सेंटिमीटर. दोन्ही पाती जवळपास सारख्याच लांबीची आणि दोन्ही एकाच टोकाकडून उघडतात. एकाचं टोक पुढे निमुळतं होत जातं, ते क्लिप. दुसऱ्याचं टोक बोथट, वर वळलेलं, ते स्पे. स्पे मुळात गुरं खच्ची करायचं पातं. सापळे लावून जनावरं धरणाऱ्यांना ते सोलायला बरं पडायचं, कारण बोथट टोकाने कातड्याला भोक पडत नाही. ट्रॅपर हे नाव त्या धंद्यावरून आलं.

मला स्पेचा उपयोग भलताच सापडला. कागदाची पाकिटं, चिकटपट्ट्या लावलेली खोकी, आतल्या वस्तूला टोक न लावता कापायची असतील तर याच्यासारखं पातं नाही. लॅबमध्ये दातांचे रबरी ठसे येतात ते पिशवीत. ठशाला ओरखडा गेला तर पेशंटला परत बोलवावं लागतं. नऊ वर्षांत स्पेने एकही ठसा खराब केला नाही.

आता चाल. संग्राहक याला 'वॉक अँड टॉक' म्हणतात: पातं चालतं कसं आणि बोलतं कसं. पाठीवरची स्प्रिंग पात्याच्या बुडाला रेटून धरते. या चाकवांत कुलूप नसतं, पातं उघडं राहतं ते केवळ त्या रेट्यावर. नखाच्या खाचेत नख घालून उघडताना सुरुवातीला जोर, मग एक सैल झोका, आणि शेवटी 'खट्'. माझ्या ट्रॅपरचा 'खट्' कोरडा आणि एकसुरी आहे. क्लिपचा जरा वरच्या पट्टीतला, स्पेचा किंचित खालचा. डोळे मिटून सांगता येतं कोणतं पातं उघडलं. जोर किती लागतो ते संग्राहक दहापैकी सांगतात. मी याला पाच देईन. सात-आठच्या पुढचे चाकू नख मोडतात, आणि माझी नखं कामासाठी आधीच आखूड असतात. उघड्या पात्याला चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवलं तर क्लिप अजिबात हलत नाही. उघड्या चाकूच्या पाठीवरून बोट फिरवलं तर स्प्रिंग आणि पातं एका पातळीत लागतात.

पोलादाबद्दल थोडक्यात. केस ज्याला ट्रू-शार्प म्हणते ते ४२० एचसी जातीचं स्टेनलेस आहे. याची धार फार काळ टिकते असं मी म्हणणार नाही, पण बारीक दगडावर दहा-बारा हात मारले की ती परत येते. ज्यांना कार्बन पोलादाचा निळा-करडा डाग आवडतो त्यांनी याच कंपनीचं सीव्ही, म्हणजे क्रोम व्हॅनेडियम पातं बघावं, किंवा २००६ मध्ये टायटसव्हिलला सुरू झालेल्या ग्रेट ईस्टर्नचे १०९५ पोलादाचे चाकू. माझ्याकडे तिथला एक आहे, पातं जिवंत वाटतं, धार लावताना दगडावर वेगळाच आवाज येतो. पण कोरडं पुसलं नाही तर रात्रीत गंजाचा ठिपका येतो. ओल्या प्लॅस्टरजवळ काम करणाऱ्या माझ्यासारखीला स्टेनलेसच बरं.

पण मला बोलायचंय ते शिंगाबद्दल.

आपण मराठीत दोन्हींना शिंगच म्हणतो, पण म्हशीचं शिंग आणि सांबराचं शिंग यांत काहीही नातं नाही. म्हशीचं शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावर चढलेलं केराटिनचं आवरण. आपल्या नखांच्या जातीचं. ते जन्मभर डोक्यावर राहतं. सांबराचं शिंग हे अस्सल हाड. ते डोक्याच्या हाडातून वर येतं, वाढताना त्याच्यावर मखमलीसारखं केसाळ कातडं असतं, आणि त्या कातड्यातल्या रक्तवाहिन्या त्याला पोसतात. वाढ पुरी झाली की कातडं सुकून गळतं, नर ते झाडांवर घासून काढतो, आणि पुढे कधीतरी अख्खं शिंगच बुडातून सुटून पडतं. मग पुन्हा नवं.

माझ्या ट्रॅपरच्या मुठीला दोन बाजूंनी शिंगाच्या दोन पट्ट्या आहेत. उजव्या पट्टीवर मधोमध एक खोल पन्हळ आहे, बोल्स्टरपासून निघून ढालीच्या, म्हणजे मुठीत बसवलेल्या धातूच्या छोट्या चिन्हाच्या, बाजूने वळसा घेऊन मागे जाणारी. दहापटीच्या भिंगाखाली तिच्या तळाशी बारीक भोकं दिसतात. त्या पन्हळीतून एके काळी रक्तवाहिनी जात होती, आणि त्या भोकांतून तिच्या फांद्या हाडात उतरत होत्या. शिंगावरचे हे सगळे चढउतार, ज्याला सगळे साल म्हणतात, ते कुणी कोरलेलं नक्षीकाम नव्हे. म्हणून नकली शिंग ओळखणं सोपं आहे. कोरलेल्या हाडावर प्रत्येक खाच हत्याराच्या एकाच गोलाईची असते. प्लास्टिकच्या मुठीवर तर डाव्या-उजव्या बाजूची नक्षी जुळी निघते. खऱ्या शिंगाच्या पन्हळी लांबीच्या दिशेने वाहतात, एकीला फाटा फुटतो, दुसरी विरून जाते, आणि दोन बाजू कधीही तंतोतंत सारख्या नसतात.

वासानेही कळतं, आणि तो वास मला कुणी शिकवावा लागला नाही. अॅक्रिलिक घासताना गोडसर, डोळ्यांत जाणारा वास येतो. शिंग घासताना येतो तो दात कोरताना येणारा, जळक्या केसांचा. एका मोडक्या चाकूची पट्टी मी चाकावर जेमतेम टेकवली आणि लॅबमधल्या मुलीने मान वर करून विचारलं, "मॅडम, खरा दात घासताय का?"

शिंगाची बाहेरची भिंत घट्ट असते आणि आत स्पंजासारखा गाभा. चाकूची मूठ निघते ती बाहेरच्या भिंतीतून. सांबराचं शिंग चाकूवाल्यांना हवं असतं ते याच कारणाने, त्याची भिंत जाड आणि गच्च असते. युरोपातल्या लाल हरणाची भिंत पातळ, रंग फिका. अमेरिकेतल्या एल्कची आणखी पातळ, आत नुसता गाभा. पट्टी पातळ करताना भिंत संपली की पांढरट छिद्राळ भाग वर येतो. संग्राहक त्याला पॉपकॉर्न म्हणतात आणि नाकं मुरडतात. माझ्या चाकूवर डाव्या पट्टीच्या कडेला असा तिळाएवढा ठिपका आहे. मला तो आवडतो, कारण तिथे शिंग किती जाड होतं ते उघड दिसतं. पण पट्टी जागेवर धरणाऱ्या पिनेच्या जवळ असा भाग असेल तर चाकू घेऊ नये. पिन ठोकताना घट्ट हाड दाब सोसतं, गाभा खचतो.

सांबर भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, आणि १९९८ मध्ये भारताने सांबराच्या आणि चितळाच्या गळून पडलेल्या शिंगांच्याही निर्यातीवर बंदी घातली. कारण मला पूर्ण पटतं: जंगलात आपोआप पडलेलं शिंग आणि जनावर मारून काढलेलं शिंग, एकदा कापून पट्ट्या झाल्या की कोण ओळखणार? जगभरातल्या सांबराची नोंद आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत 'असुरक्षित' (व्हल्नरेबल) प्राणी म्हणूनच आहे. शेफील्ड, झोलिंगन, ब्रॅडफर्ड, सगळीकडच्या कारखान्यांना या बंदीची झळ बसली. कुणी साठवलेल्या जुन्या मालावर भागवलं, कुणी लाल हरणाकडे वळलं. बंदीच्या आधीच्या चाकवांना संग्राहक जास्त मान देतात तो यामुळे. मी स्वतः नुसतं शिंग, सुटी पट्टी, असलं काही विकत घेत नाही, आणि कुणी गुपचूप देऊ केलं तर तिथून उठते. संग्रह वाढवायचा तर असलेले जुने चाकू एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ द्यावेत. तेवढं पुष्कळ आहे.

परत माझ्या मार्जिनकडे. दोन्ही शिंगांच्या पट्ट्यांना दोन्ही टोकांना बोल्स्टर आहेत. हा निकल सिल्व्हर नावाचा धातू. नावात चांदी असली तरी प्रत्यक्षात तांबं, निकल आणि जस्त. म्हणजे चार सांधे. आमच्या लॅबमध्ये वरचे-खालचे दात टेकतात की नाही ते बघायला शिमस्टॉक नावाची चंदेरी पट्टी असते, ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची. शिवाय ४० मायक्रॉनचा रंगीत कागद. चाकू आणला त्याच आठवड्यात मी चारही सांध्यांत दोन्ही घालून बघितलं. शिमस्टॉक एका ठिकाणी अर्धा मिलिमीटर शिरली, बाकी तीन ठिकाणी टोकच घेईना. तेव्हापासून दर वर्षी दोनदा बघते, हवा सगळ्यात कोरडी असते तेव्हा आणि सगळ्यात दमट असते तेव्हा. वहीत नोंद आहे.

पहिल्या दोन कोरड्या मोसमांत मागच्या उजव्या सांध्यात शिमस्टॉक सहज जाऊ लागली. तिसऱ्या वर्षी तिथे ४० मायक्रॉनचा कागदही गेला, आणि मला वाईट वाटलं. दमट महिने आले, कागद अडला. पुढच्या कोरड्या मोसमात पुन्हा गेला, पण जास्त खोल नाही. चौथ्या वर्षापासून आजपर्यंत आकडा तिथल्या तिथेच आहे. नख फिरवलं तर जाणवत नाही. पिनांच्या भोवती एकही तडा नाही. शिंग जेवढं हलायचं तेवढं हलून आता बसलंय. त्या पट्टीला पिनांजवळ पुरेसं जाड हाड ठेवलंय आणि साल बोल्स्टरकडे येताना हळूहळू उतरवत आणली आहे, एकदम छाटलेली नाही. हा उतार बघणं मी नवीन माणसाला सगळ्यात आधी सांगते. शिंग उंच आणि बोल्स्टर बुटका, म्हणून टोकाला साल घासावीच लागते. घाईच्या हाताने घासलं तर तिथे पायरी पडते किंवा पांढरा पट्टा येतो. केसच्या या नगावर रंग गडद तपकिरीतून मधाळ पिवळ्यात उतरतो आणि धातूला सपाट भेटतो. आमच्या धंद्यात याला 'बसलंय' एवढंच म्हणतात, आणि याहून मोठी शाबासकी नाही.

याच्या उलट अनुभव दुसऱ्या एका चाकवाने दिला. बनवणाऱ्याचं आणि विकणाऱ्याचं नाव घेत नाही. फोटोत साल अशी की नजर हटेना. हातात आला तेव्हा सांधेही गच्च वाटले, शिमस्टॉक कुठेच जाईना. मी खूश. पाच महिन्यांनी कोरड्या हवेत एका सांध्यातून काचेसारखा बारीक तुकडा निघून टेबलावर पडला. भिंगाखाली धरला तर शिंगाचा भुगा कालवलेला इपॉक्सी गोंद. फट पहिल्यापासून होती आणि ती लिंपून वरून घासली होती. मग पिनेपासून तडा निघाला आणि कडेपर्यंत गेला. लिंपण लावलेलं आधी ओळखता आलं असतं: शिंग आणि धातू भेटतात तिथे रेघ स्वच्छ काळी हवी. रेघेच्या जागी चमकदार, पारदर्शक पट्टा दिसला, प्रकाश तिरका पाडल्यावर तो ओला असल्यासारखा झळकला, तर ते भरलेलं आहे. मी तेव्हा साल बघत बसले. सरांनी सांगितलेली कड बघितली नाही.

माझ्या हातून झालेलं नुकसानही सांगायला हवं, म्हणजे दुसऱ्या कुणाचं टळेल. एका जुन्या चाकूची मूठ मळकट दिसत होती. मी ती फेल्टच्या चाकावर प्युमिस, म्हणजे घासायची दगडाची पूड, लावून धरली, कवळी घासतो तशी. दहा सेकंद. तपकिरी रंग गेला आणि खाली पांढरं फटक हाड. शिंगाचा रंग केवळ वरच्या पापुद्र्यात असतो. झाडांवर घासताना लागलेला चीक, सालीतला रस, सुकलेलं रक्त, यांनी तो चढतो. जनावराने एक अख्खा मोसम घासून चढवलेला रंग मी दहा सेकंदांत उतरवला. तो चाकू मी विकला नाही, ड्रॉवरमध्ये वरच ठेवलाय. शिंगाला मऊ ब्रश, कोरडं फडकं, फार तर सुती कापडावर दोन थेंब मिनरल ऑइल. रात्रभर ठेवून सकाळी पुसायचं. मी वर्षातून दोनदा त्यावर रेनेसान्स वॅक्सचा पातळ हात देते. ते मेण १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियमसाठी तयार झालं होतं, आणि धातू, हाड, लाकूड तिन्हींना चालतं, त्यामुळे सांध्यावरून एकाच फडक्याने जाता येतं.

आणि चामड्याच्या म्यानात कायमचं ठेवू नका. हा ट्रॅपर मी पहिल्या वर्षी एका छान चामडी पिशवीत ठेवला होता. चार महिन्यांनी काढला तर बोल्स्टरच्या कडेला आणि आतल्या पितळी पत्र्यावर हिरवट मेणचट थर. कमावलेल्या चामड्यातले अंश तांब्याला खातात. वेळेत निघालं म्हणून डाग राहिला नाही. जुने सेल्युलॉइडच्या मुठीचे चाकू तर शिंगवाल्यांच्या खणात अजिबात नकोत. सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून निघणारा वायू शेजारच्या चाकवांची पाती गंजवतो.

केसच्या चाकूवरच्या मोहरेवरून तो कोणत्या वर्षी बनला तेही काढता येतं. केसने १९७० मध्ये मोहरेखाली दहा ठिपके द्यायला सुरुवात केली आणि दर वर्षी एक कमी केला. १९८० ला केसच्या अक्षरांतला एस विजेच्या आकाराचा झाला आणि पुन्हा दहा ठिपके. ठिपके मोजत बसणं हा या छंदातला एक स्वतंत्र आनंद आहे. एका मैत्रिणीने आणलेल्या चाकूवरचे ठिपके आम्ही दोघींनी तीनदा मोजले, कारण एक ठिपका झिजला होता की मुळात नव्हताच, हे ठरेना. भिंगाखाली धातू किंचित दबलेला दिसला, म्हणजे होता.

धाकटा भाऊ मला म्हणाला होता, "ताई, एवढा जपतेस, मग वापरतेस कशाला? आणि वापरायचाच तर साधा घे ना." मी त्याच्या हातात ट्रॅपर दिला आणि गप्प बसले. त्याने अंगठा पन्हळीवरून फिरवला, मग परत फिरवला. शिंग हाताला धातूसारखं गार लागत नाही आणि प्लास्टिकसारखं निसटत नाही. ओल्या हातातही पकड राहते. नऊ वर्षांत माझ्या अंगठ्याच्या जागी साल गुळगुळीत झाली आहे, रंग मात्र तिथे गेला नाही, उलट गडद झालाय. बराच वेळ धरून त्याने विचारलं, "हे आधीपासून असंच होतं?"

घ्यावा का? ज्याला एकच शिंगाचा चाकू घ्यायचा आहे आणि तो रोज खिशातून काढायचा आहे, त्याने हाच घाट घ्यावा असं मी म्हणेन. फक्त प्रत्यक्ष बघून, किंवा निदान त्याच नगाचे चारही सांध्यांचे जवळून काढलेले फोटो मागवून. शिंगाच्या बाबतीत नमुन्याचा फोटो बघून घेणं म्हणजे दुसऱ्याच्या दाताचा ठसा घेऊन आपली कॅप करण्यासारखं. ज्यांचे हात लहान आहेत त्यांना ट्रॅपर लांब वाटेल. त्यांनी ५२२०, म्हणजे पीनट बघावा, मिटून पावणेतीन इंचांच्या जरासा वर. ज्यांना धार आठवडाभर हात न लावता टिकलेली हवी त्यांनी कार्बन पोलादाकडे जावं. पट्ट्या गडद आणि खोल सालीच्या हव्या असतील तर घाई करू नये; नग येत राहतात, प्रत्येक वेगळा.

या कोरड्या मोसमातली नोंद काल केली. मागचा उजवा सांधा: ४० मायक्रॉन, अर्धा मिलिमीटर. बाकी तिन्ही बंद.